कराड ते मिरज: मेडिकल कॉलेजच्या रुग्णालयांची पारख

सातारा आणि सांगली या दोन जिल्ह्यांत गंभीर रुग्णाची वाट बहुधा ठरलेली असते. आधी गावातील डॉक्टर, मग तालुक्याचे नर्सिंग होम, आणि तेथे ‘आता पुढे न्या’ असे सांगितले गेले की कराड, सांगली किंवा मिरज येथील एखाद्या वैद्यकीय महाविद्यालयाचे रुग्णालय. त्या घाईत नातेवाईक विचारतात ते प्रश्नही ठरलेले असतात: अनामत किती, योजनेत बसते का आणि ‘मोठे डॉक्टर’ कधी येतात. घरातील आणि शेजारच्या माणसांच्या आजारपणांच्या निमित्ताने या पट्ट्यातील अशा रुग्णालयांच्या वॉर्डांत मला बराच काळ काढावा लागला, आणि त्यातून माझे असे मत झाले आहे की या रुग्णालयांची पारख तेथील निवासी डॉक्टरांच्या, म्हणजे पदव्युत्तर शिक्षण घेता घेता रात्रंदिवस वॉर्ड सांभाळणाऱ्या डॉक्टरांच्या, व्यवस्थेवरून करावी. इमारत, यंत्रसामग्री आणि फलकावरील पदव्या यांना महत्त्व आहे. परंतु रात्री दोन वाजता वॉर्डात कोण हजर आहे आणि अडचण आल्यास तो कोणाला उठवू शकतो, यावर रुग्णाचे बरेवाईट अधिक अवलंबून असते. जेथे उणीव दिसली तेथे मी रुग्णालयाचे नाव दिलेले नाही, कारण तीच उणीव उद्या शेजारच्या रुग्णालयातही आढळू शकते.

प्रथम या पट्ट्यात काय उपलब्ध आहे ते पाहू. मिरजेचे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय १९६२ साली सुरू झाले. त्याआधी कितीतरी वर्षे, कॅनडातून आलेले मिशनरी डॉक्टर विल्यम वानलेस यांनी १८९४ साली काढलेल्या रुग्णालयामुळे मिरज हे नाव दक्षिण महाराष्ट्रात आणि उत्तर कर्नाटकात उपचारांशी जोडले गेले होते. आजही मिरज जंक्शनवर उतरणाऱ्या प्रवाशांत अथणी, चिकोडी, रायबाग या भागांतून औषधपाण्यासाठी आलेली माणसे हमखास असतात. शासकीय महाविद्यालयाचे शिक्षण दोन रुग्णालयांत चालते: एक मिरजेतील शासकीय रुग्णालय आणि दुसरे सांगलीतील पद्मभूषण वसंतदादा पाटील शासकीय रुग्णालय, ज्याला सांगलीकर आजही केवळ ‘सिव्हिल’ म्हणतात. या दोन शहरांमधील रस्त्यावरच, वानलेसवाडी येथे, भारती विद्यापीठाचे वैद्यकीय महाविद्यालय आणि रुग्णालय आहे. ते महाविद्यालय २००५ साली सुरू झाले. कराडला मलकापूर येथे, पुणे-बंगळूर महामार्गालगत, कृष्णा वैद्यकीय महाविद्यालयाचे रुग्णालय आहे. ते महाविद्यालय १९८४ सालचे असून आता ते कृष्णा विश्व विद्यापीठाचा भाग आहे. साताऱ्याचे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय या सर्वांत धाकटे; तेथील एमबीबीएसची पहिली तुकडी २०२१-२२ या शैक्षणिक वर्षातील असल्यामुळे त्याची तुलना साठ वर्षांच्या मिरजेशी करणे अन्यायाचे होईल, म्हणून या लेखात त्याचा उल्लेख थोडाच येईल.

शासकीय रुग्णालये आणि अभिमत, म्हणजे भारती किंवा कृष्णा यांसारख्या विद्यापीठाचा दर्जा मिळालेल्या खाजगी संस्थांची रुग्णालये, यांतील फरक रुग्णाला बिलाच्या खिडकीवर कळतो, पण वॉर्डातील रचना दोन्हीकडे जवळजवळ सारखी असते, कारण पदव्युत्तर शिक्षणाचे नियम राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाचे आहेत आणि ते सर्वांना लागू आहेत. मेडिसिन, सर्जरी, अस्थिरोग, बालरोग, स्त्रीरोग अशा प्रत्येक मोठ्या विभागाची युनिटे पाडलेली असतात. प्रत्येक युनिटला एक प्रमुख प्राध्यापक, त्याच्या हाताखाली एक-दोन सहयोगी किंवा सहायक प्राध्यापक, एमडी-एमएस पूर्ण केलेला एखादा वरिष्ठ निवासी आणि पहिल्या, दुसऱ्या व तिसऱ्या वर्षाचे कनिष्ठ निवासी असतात. आठवड्याचे वार युनिटांमध्ये वाटलेले असतात. ज्या वारी आपला रुग्ण तातडीने दाखल झाला त्या वारी ज्या युनिटची पाळी असेल, ते युनिट त्या रुग्णाचे होते आणि सुटी मिळेपर्यंत तेच राहते. ही साधी गोष्ट नातेवाइकांना कोणीही सांगत नाही. त्यामुळे समोरून जाणाऱ्या प्रत्येक पांढऱ्या कोटाला थांबवून विचारपूस केली जाते, दुसऱ्या युनिटचा डॉक्टर ‘मला माहीत नाही’ असे खरेच उत्तर देतो, आणि येथे कोणाला काहीच माहीत नसते अशी समजूत घेऊन माणसे गावी परततात.

दुसरी गफलत ‘शिकाऊ डॉक्टर’ या सरसकट शेऱ्यात आहे. वॉर्डात दिसणाऱ्या तरुणांपैकी काही जण एमबीबीएसचे विद्यार्थी असतात. ते तपासून पाहतात, टिपणे काढतात, पण उपचाराचा निर्णय घेत नाहीत. काही जण साडेचार वर्षांचा अभ्यासक्रम संपवून वर्षभराची आंतरवासिता करणारे इंटर्न असतात. रक्ताचे नमुने, सलाईन, ड्रेसिंग ही कामे त्यांच्याकडे असतात. निवासी डॉक्टर मात्र एमबीबीएस पूर्ण झालेला, नोंदणीकृत डॉक्टर असतो, जो नीट-पीजी परीक्षेतून निवडला जाऊन तीन वर्षांच्या एमडी किंवा एमएससाठी आलेला असतो. तालुक्याच्या गावी दवाखाना टाकला असता तर ज्याला आपण वाकून ‘डॉक्टरसाहेब’ म्हटले असते, त्यालाच येथे ‘ए पोरा, मोठ्या डॉक्टरला बोलाव’ असे ऐकावे लागते. वयाने लहान दिसणे हा त्याचा एकमेव अपराध असतो.

आता मुख्य मुद्द्याकडे वळतो. अशा रुग्णालयाचे खरे बळ कोठे दिसते, हे पाहायचे असेल तर पावसाळ्यात मेडिसिनच्या वॉर्डात जावे. उसाच्या आणि द्राक्षांच्या या मुलखात सर्पदंश आणि कीटकनाशकाची विषबाधा हे नेहमीचे रुग्ण आहेत. आपल्याकडे मिळणारे प्रतिसर्पविष नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे या चार सापांच्या विषांवर मिळून चालते. ते द्यायचे की नाही आणि किती द्यायचे, हे लक्षणांवरून ठरवावे लागते. घोणस किंवा फुरसे चावल्याचा संशय असेल तर निवासी डॉक्टर कोरड्या, स्वच्छ काचेच्या नळीत रुग्णाचे थोडे रक्त घेऊन ती वीस मिनिटे न हलवता ठेवतो. वीस मिनिटांनी नळी तिरपी केल्यावर रक्त गोठलेले नसेल, तर विष रक्तात भिनले आहे असे समजून औषध सुरू होते, आणि काही तासांनी तीच चाचणी पुन्हा करावी लागते. या चाचणीला महागडे यंत्र लागत नाही. नळीजवळ वीस मिनिटे थांबणारा आणि रात्रीतून पुन्हा येणारा माणूस लागतो.

ऑर्गॅनोफॉस्फेट वर्गातील कीटकनाशकाच्या विषबाधेत तर हे अधिकच खरे आहे. अ‍ॅट्रोपिन या उताऱ्याची मात्रा पहिल्या तासात काही काही मिनिटांनी छाती ऐकून आणि नाडी मोजून वाढवावी लागते; फुप्फुसांतील स्राव सुकेपर्यंत हे चालू राहते. रुग्ण शुद्धीवर आला, चहा मागू लागला, की नातेवाइकांना संकट टळल्यासारखे वाटते आणि घरी नेण्याची घाई सुरू होते. परंतु विषबाधेनंतर एक ते चार दिवसांच्या काळात मान उचलता न येणे आणि श्वसनाचे स्नायू अचानक लुळे पडणे, हा धोका अशाच सावरलेल्या रुग्णात उद्भवतो. पहिल्या वर्षाचा निवासी दर राऊंडला ‘काका, मान उचलून दाखवा’ असे का म्हणतो, याचे कारण हे आहे. एका रात्री मी हा प्रकार पाहिला: शेजारच्या खाटेवरील तरुणाला मान उचलता आली नाही, तेव्हा त्या निवासी मुलीने वरिष्ठांना फोन केला, वरिष्ठ वसतिगृहातून धावत आले, आणि श्वास थांबण्याआधीच रुग्ण अतिदक्षता विभागात हलवला गेला. खाजगी रुग्णालयांत हे होत नाही असे मी म्हणत नाही. पण तेथे रात्रपाळीला असलेल्या एकट्या डॉक्टरने असे रुग्ण वर्षाकाठी किती पाहिलेले असतात, हा प्रश्न विचारण्याजोगा आहे. शिकवणाऱ्या रुग्णालयातील तिसऱ्या वर्षाच्या निवाशाच्या हाताखालून ते सतत गेलेले असतात.

हेच कराडच्या बाबतीत महामार्गामुळे अस्थिरोग व सर्जरी विभागांना लागू पडते. रात्री-अपरात्री अपघाताचा रुग्ण येतो तेव्हा भूलतज्ज्ञ, सर्जन, रक्तपेढी आणि सीटी स्कॅन एकाच आवारात असणे, आणि त्या प्रत्येक ठिकाणी कोणीतरी निवासी जागा असणे, याची किंमत त्या वेळी कळते. सांगली-मिरजेच्या शासकीय महाविद्यालयाची रुग्णालये दोन शहरांत विभागलेली असल्याने तेथे एक अडचण राहते: आपल्याला लागणारी सोय त्या वेळी सांगलीत आहे की मिरजेत, याची चौकशी रुग्णवाहिकेत बसण्यापूर्वी १०८ च्या डॉक्टरकडे करावी. अंतर दहा किलोमीटरच्या आसपास असले, तरी अत्यवस्थ रुग्णाला दोनदा उतरवणे-चढवणे टाळलेले बरे.

दिवसा पाहण्याजोगी गोष्ट म्हणजे प्राध्यापकांचा राऊंड. सकाळी निवासी डॉक्टर खाटेशी उभा राहून रुग्णाची हकिगत, तपासण्या आणि रात्रभरातील बदल सांगतो. प्राध्यापक मध्येच अडवून विचारतात की हा ताप न्यूमोनियाचाच कशावरून, क्षयाचा का नाही, अमुक तपासणी का पाठवली आणि तमुक का नाही. नातेवाइकांना हा प्रकार कधी करमणुकीचा तर कधी भीतीदायक वाटतो, ‘यांनाच अजून नक्की माहीत नाही’ असेही कोणी पुटपुटते. माझ्या मते रुग्णाच्या दृष्टीने दिवसातील सर्वांत मोलाचा वेळ हाच असतो. निदान का केले याचे उत्तर चारचौघांत द्यावे लागते, तेथे अंदाजाने लिहिलेली औषधे फार दिवस टिकत नाहीत. माझ्या थोरल्या चुलत्यांना बाहेरून सुरू करून दिलेली दोन औषधे अशाच प्रश्नोत्तरांत बंद झाली, आणि तसे करण्याचे कारणही आम्हाला तेथेच उभ्या उभ्या ऐकायला मिळाले. ज्या रुग्णालयात राऊंड म्हणजे प्राध्यापकांनी दारातून नजर टाकणे एवढेच उरले आहे, तेथे फलकावर कितीही पदव्या असोत, मी माझ्या माणसाला ठेवणार नाही.

या राऊंडची दुसरी बाजू संकोचाची आहे. एकाच रुग्णाचे पोट विद्यार्थी एकामागून एक दाबून पाहतात, पडदा अर्धवट ओढलेला असतो, आणि आजार सर्वांसमक्ष बोलला जातो. स्त्रीरोग विभागात तर बायका अवघडून जातात आणि बोलत नाहीत. विद्यार्थ्यांकडून तपासून घेण्यास नकार देण्याचा अधिकार रुग्णाला आहे आणि त्यामुळे उपचार थांबत नाहीत; पुरुष डॉक्टर तपासत असताना स्त्री परिचारिका किंवा नात्यातील बाई जवळ असावी, अशी मागणी करणे हाही हक्कच आहे. हे नीट शब्दांत सांगितले तर बहुतेक निवासी डॉक्टर लगेच ऐकतात, असा माझा अनुभव आहे. मात्र हे रुग्णाने सांगावे लागू नये. प्रवेशाच्या वेळी घेतल्या जाणाऱ्या सह्यांच्या गठ्ठ्यात हे कोठेतरी छापलेले असते म्हणून जबाबदारी संपते असे मानणारी रुग्णालये या बाबतीत माझ्याकडून कमी गुण घेतील.

भाषेचाही प्रश्न येतो. शासकीय महाविद्यालयांतील पदव्युत्तर जागांपैकी निम्म्या अखिल भारतीय कोट्यातून भरल्या जातात, आणि अभिमत विद्यापीठांच्या सर्वच जागा केंद्रीय समुपदेशनातून भरल्या जातात. त्यामुळे जत किंवा आटपाडीहून आलेल्या आजींची हकिगत लिहून घेणारा निवासी राजस्थानचा, केरळचा किंवा उत्तर प्रदेशाचा असू शकतो. दुखणे नेमके कधी सुरू झाले आणि आधी काय झाले, ही माहिती निदानात निर्णायक असते, आणि ती मोडक्या हिंदीत अर्धी सांडते. ज्या वॉर्डात मी सर्वाधिक वेळ काढला तेथे ही उणीव वॉर्डातील मावशी भरून काढत असत. त्यांना मराठी, कानडी आणि निवाशांची हिंदी अशा तिन्ही भाषा येत होत्या आणि आजींनी कोणती गोळी लपवून ठेवली आहे हेही त्यांनाच ठाऊक असे. रुग्णालयाच्या पगारपत्रकावर त्यांचे स्थान सर्वांत खाली असते. बाहेरून येणाऱ्या निवाशांना पहिल्या महिन्यातच कामापुरती मराठी शिकवण्याची शिस्त जेथे असेल तेथे रुग्णाचे अर्धे काम सोपे होते.

आता उणिवांकडे येतो, आणि सर्वांत मोठी उणीव कामाच्या तासांची आहे. केंद्र सरकारच्या १९९२ सालच्या निवासी योजनेत आठवड्याला ४८ तास आणि सलग १२ तासांपेक्षा अधिक काम नको असे म्हटले होते. आयोगाच्या २०२३ च्या पदव्युत्तर शिक्षण नियमांत आकडा नाही; तेथे ‘वाजवी’ तास, आणि कामाच्या निकडीला बाधा न येईल अशी आठवड्याची एक सुटी एवढेच आहे. ही ‘निकड’ मोठ्या विभागांत वर्षभर संपत नाही. युनिटच्या पाळीच्या दिवशी सकाळी आलेला पहिल्या वर्षाचा निवासी ओपीडी, दाखल रुग्ण, रात्र आणि पुढचा सकाळचा राऊंड असे सलग उरकून दुसऱ्या दिवशी दुपारनंतर सुटतो, हे वॉर्डात बसणारा कोणीही पाहू शकतो. मार्डसारख्या निवासी डॉक्टरांच्या संघटना विद्यावेतन, वसतिगृहे आणि सुरक्षितता यांसाठी संपावर जातात तेव्हा नियोजित शस्त्रक्रिया पुढे ढकलल्या जातात आणि ओपीडीच्या रांगा थबकतात. तेवढ्यावरूनही रुग्णालय कोणाच्या खांद्यावर चालते ते लक्षात यावे.

या दमछाकीचा फटका रुग्णाला बसतो तो पाळी बदलताना. या पट्ट्यातील एका रुग्णालयात माझ्या चुलत्यांच्या रक्तातील पोटॅशियम वाढल्याचा अहवाल संध्याकाळी आला होता. जाणाऱ्या निवाशाने तो तोंडी सांगितला, येणाऱ्याने तो लिहून घेतला नाही, आणि रात्रभर त्यावर काहीही झाले नाही. पोटॅशियम वाढलेले असेल तर हृदयाचे ठोके बिघडू शकतात. अशा वेळी तातडीने ईसीजी काढून उपचार सुरू करावे लागतात. सकाळच्या राऊंडला तिसऱ्या वर्षाच्या निवाशाने अहवाल पाहिला आणि पुढच्या अर्ध्या तासात सर्व काही झाले, त्यामुळे अनर्थ टळला. त्या रात्रीच्या निवाशाला दोष देणे सोपे होते, आणि मी तो त्या वेळी मनोमन दिलाही. पण त्याच्यावर त्या रात्री किती खाटा होत्या हे मी स्वतः पाहत होतो. लेखी हस्तांतराची वही ठेवणे आणि वरिष्ठांनी ती रोज पाहणे, ही विभागप्रमुखांची जबाबदारी आहे. दुसऱ्या एका विभागात मी अशी वही पाहिली आहे: खाट क्रमांक, प्रलंबित अहवाल, रात्री काय पाहायचे आणि कधी फोन करायचा, असे चार रकाने. तिला खर्च शून्य आहे.

वरिष्ठ रात्री फोन उचलतात का, ही माझी पुढची कसोटी आहे. पहिल्या वर्षाच्या निवाशाला न कळणाऱ्या गोष्टी असणारच. तो शिकण्यासाठीच आला आहे. त्याने दुसऱ्या वर्षाच्या निवाशाला, त्याने वरिष्ठ निवाशाला आणि त्याने प्राध्यापकाला विचारणे, ही उतरंड चालू असेल तर रुग्ण सुरक्षित आहे. ‘एवढ्यासाठी कशाला उठवलेस’ असे एकदा ऐकलेला मुलगा पुढच्या वेळी सकाळपर्यंत थांबतो. नातेवाइकांना हे कसे कळावे? एक मार्ग आहे: ‘डॉक्टर, रात्री काही झाले तर आपण कोणाला कळवता?’ असे सरळ विचारावे. ज्या ठिकाणी निवासी चटकन नाव सांगतो ते ठिकाण बरे. जेथे तो नुसता हसतो तेथे आपण जागे राहावे.

नातेवाइकांकडूनही चुका होतात. वीस-वीस माणसे वॉर्डात शिरणे, गावच्या पुढाऱ्याला फोन जोडून तो निवाशाच्या कानाला लावणे आणि रुग्ण दगावल्यावर हात उगारणे, हे प्रकार आपल्याकडे घडतात. वैद्यकीय सेवेतील व्यक्तींवरील हिंसेविरुद्ध महाराष्ट्रात २०१० सालापासून स्वतंत्र कायदा आहे आणि त्यात तीन वर्षांपर्यंत कैदेची तरतूद आहे. पुढाऱ्याच्या फोनचा एक परिणाम मात्र मी निश्चित सांगू शकतो: निवासी डॉक्टर त्या खाटेकडे काळजीने जाण्याऐवजी धास्तीने जाऊ लागतो, आणि शक्य तितक्या लवकर त्या रुग्णाला दुसरीकडे पाठवण्याचा विचार करू लागतो.

खर्चाबद्दल. महात्मा जोतीराव फुले जन आरोग्य योजना जुलै २०२३ च्या शासन निर्णयाने राज्यातील सर्व शिधापत्रिकाधारक कुटुंबांसाठी विस्तारण्यात आली आणि संरक्षण कुटुंबामागे वर्षाला पाच लाख रुपयांपर्यंत गेले. योजनेत ठरावीक उपचारच बसतात आणि त्यांना पूर्वमंजुरी लागते, म्हणून दाखल झाल्याच दिवशी शिधापत्रिका आणि आधार कार्ड घेऊन आरोग्यमित्राच्या (योजनेच्या रुग्णालयातील मदतनिसाच्या) टेबलाशी जावे. दोन कागदांवरील नावांतील फरक हा विलंबाचा नेहमीचा उगम आहे. शासकीय रुग्णालयांत दर कमी असले तरी काही औषधे आणि साहित्य बाहेरून आणण्यास सांगितले जाते, आणि ती चिठ्ठी बहुधा रात्रीच हातात पडते. अभिमत विद्यापीठांच्या रुग्णालयांत जनरल वॉर्डाचे दर अनेकदा माफक असतात. यामागे धर्मादाय वृत्ती असेलही, पण नियमही आहे: शंभर एमबीबीएस जागांसाठी ४२० आणि दीडशेंसाठी ६०५ खाटा, आणि त्या वर्षभर सरासरी ८० टक्के भरलेल्या असाव्यात, असा आयोगाचा २०२३ चा निकष आहे. गावोगावची मोफत तपासणी शिबिरे आणि तेथून रुग्ण आणणाऱ्या गाड्या यांचा या निकषाशी संबंध आहे, हे समजून घेण्यात कमीपणा नाही. विद्यार्थ्यांना शिकायला रुग्ण हवे आहेत आणि आपल्याला परवडणारा तज्ज्ञ हवा आहे. व्यवहार उघड असेल तर तो दोघांच्या सोयीचा आहे. शिबिरातून जाताना एवढेच लेखी विचारून घ्यावे की शस्त्रक्रिया मोफत म्हणजे त्यात भिंग, प्लेट, जाळी किंवा अन्य साहित्य आणि औषधे येतात की नाहीत.

स्वच्छता, स्वच्छतागृहे आणि नातेवाइकांच्या मुक्कामाची सोय यांबाबत अभिमत रुग्णालये सामान्यतः पुढे आहेत. स्ट्रेचर ढकलण्यासाठी मामा मिळेपर्यंत वाट पाहणे, लिफ्टपुढील गर्दी आणि व्हरांड्यात पथारी टाकून काढलेल्या रात्री यांचे वर्णन येथे करीत नाही; ज्यांनी शासकीय रुग्णालय पाहिले आहे त्यांना ते नवीन नाही.

साताऱ्याबद्दल थोडेसे. नव्या महाविद्यालयात एमबीबीएसचे विद्यार्थी आले म्हणजे सर्व विभागांत एमडी-एमएसचे निवासीही आले, असे होत नाही. ते टप्प्याटप्प्याने, विभागवार मंजुरीने येतात. पदव्युत्तर विद्यार्थ्याने तिसऱ्या ते पाचव्या सत्रादरम्यान तीन महिने जिल्हा पातळीवरील रुग्णालयात काम करण्याची तरतूद २०२१ च्या तुकडीपासून लागू झालेली आहे, आणि तिच्यामुळे शासनाच्या लहान रुग्णालयांनाही निवासी डॉक्टरांचे हात मिळतात. सातारकरांनी म्हणून इमारतीच्या कोनशिलेपेक्षा कोणत्या विभागात पदव्युत्तर जागा मंजूर झाल्या, याच्या बातमीकडे अधिक लक्ष ठेवावे.

माझी शिफारस अशी आहे. साधा हर्निया, मोतीबिंदू किंवा ठरवून करायची लहान शस्त्रक्रिया असेल, पैशाची अडचण नसेल आणि ओळखीचा चांगला सर्जन असेल, तर महाविद्यालयाच्या रुग्णालयातील रांगा आणि गर्दी सोसण्याचे कारण नाही. विषबाधा, सर्पदंश, अनेक अवयवांवर परिणाम झालेला संसर्ग, दिवस भरण्याआधी जन्मलेले बाळ, मोठा अपघात किंवा निदानच न होणारा दीर्घ ताप असेल, तर उशीर न करता जवळच्या शिकवणाऱ्या रुग्णालयात जावे: पाटण, कराड, वाळवा या बाजूच्या माणसांना कराड सोयीचे, तासगाव, कवठेमहांकाळ, जत आणि सीमाभागातील माणसांना सांगली-मिरज. एक दिवस लहान रुग्णालयात ‘बघू या’ म्हणत घालवून मग तेथे नेलेला रुग्ण, तेथील निवाशांच्या हाती अवघड होऊनच पडतो.

सुटी मिळताना मिळणाऱ्या डिस्चार्ज कार्डाकडे मात्र जरूर लक्ष द्यावे. ते बहुधा पहिल्या वर्षाचा निवासी घाईत लिहितो; त्यात आद्याक्षरे असतात, औषध दिवसातून किती वेळा घ्यायचे तेही आद्याक्षरांतच असते. निघण्यापूर्वी त्याच्यासमोर बसून प्रत्येक औषध कशासाठी, किती दिवस आणि कधी थांबवायचे हे विचारून मराठीत लिहून घ्यावे. केसपेपरची प्रत हवी असल्यास लेखी अर्ज करावा. अर्जानंतर ७२ तासांत ती देणे बंधनकारक आहे. कार्डावर युनिटचे नाव आणि त्या युनिटच्या ओपीडीचा वार आहे की नाही हे पाहावे, आणि फेरतपासणीला त्याच वारी जावे. वार चुकला तर समोर दुसरे युनिट असते आणि सगळी हकिगत पहिल्यापासून सांगावी लागते.